सुपरओव्हुलेशन केलेली गाय: रेतन किती वाजता आणि किती वेळा?

माणदेशी_गोठा

रामराम मंडळी. फलटणजवळ आमचा १८ दावणींचा गोठा आहे. त्यात एक गीर गाय आहे, चंद्रा. तिसरं वेत. दूध, कास, स्वभाव सगळंच असं की तिच्या कालवडी जास्त मिळाव्यात म्हणून या दिवाळीनंतर पहिल्यांदा भ्रूण प्रत्यारोपणाच्या वाटेला गेलो. म्हणजे इंजेक्शनांनी एकाच माजात बरीच बीजं सोडवायची (सुपरओव्हुलेशन), रेतन करायचं आणि तयार झालेली भ्रूणं काढून दुसऱ्या गाईंत ठेवायची.

वेळापत्रक नीट लिहितो, म्हणजे चूक कुठे ते सांगता येईल. सोमवारी सकाळी ७ ला एफएसएच (बीजं वाढवणारं हार्मोन) सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ असं चार दिवस, उतरत्या मात्रेत ८ इंजेक्शनं. बुधवारी सकाळी ७ ला आणि संध्याकाळी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे माजावर आणायचं इंजेक्शन. शुक्रवारी पहाटे साडेपाचला धारेला गेलो तर गाय माजावर, सोट (चिकट स्राव) लोंबतोय. संध्याकाळी साडेपाचला पहिलं रेतन, शनिवारी पहाटे साडेपाचला दुसरं. दोन्ही वेळा एकेक कांडी (गोठवलेल्या रेताची नळी), वळू तोच. पुढच्या शुक्रवारी फ्लशिंग, म्हणजे गर्भाशय धुऊन भ्रूणं काढणं.

एकूण ११ मिळाले. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. ४ भ्रूणं तुतीच्या फळासारखी, छान गच्च. १ काळवंडलेलं, विस्कटलेलं. आणि उरलेली ६ नुसती कोरी. गोल कवच, आत एकच सलग गोळा, कुठे विभागणी नाही. फळलीच नव्हती ती. त्या ६ कडे बघून पोटात खड्डा पडला. बीज तयार झालं, सुटलं, आमच्या हाताशी आलं आणि आम्ही ते वाया घालवलं.

रेतन करणारे म्हणाले, कांड्या कमी पडल्या, तीनदा भरवायला हवी होती. भाऊ म्हणतो कांडीच खराब. मला वाटतं वेळ चुकली. तुमचा अनुभव काय?

कांडीवाला

१४ वर्षं गावोगाव रेतन करतोय. साध्या गाईला नियम सोपा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही तेच केलंत, वेळ बरोबर आहे. पण सुपरच्या गाईत बीजं एकदम सुटत नाहीत, मागेपुढे सुटतात. म्हणून मी तीन वेळा करतो. माज दिसल्यावर १२ तासांनी, २४ तासांनी आणि ३६ तासांनी. प्रत्येक वेळी दोन कांड्या. सहा कांड्यांना जेवढे पैसे जातात त्याच्या कित्येक पट तुम्ही हार्मोनवर घालवलेत. तिथे हात आखडू नका.

दावणकरीण

सहा कांड्या! भारी वळूची एक कांडी घेताना आमच्या घरात दोन दिवस बैठक बसते.

डॉ_गोधूली

मी पशुवैद्यक, दाता गाईंचं (ज्यांची भ्रूणं काढतात त्यांचं) काम बरीच वर्षं केलंय. सविस्तर लिहिते, कारण प्रश्न नीट मांडलाय आणि आकडे दिलेत.

आधी ती ६ कोरी बीजं. फ्लशिंगचा निकाल नुसता मोजायचा नसतो, वाचायचा असतो. भ्रूणं तयार झाली पण बरीच काळवंडलेली, मध्येच थांबलेली असतील, तर मी बीजाचा दर्जा, गर्भाशयातला दोष, उन्हाचा ताण, खुराक यांच्याकडे बघते. पण बीजं कोरीच राहिली असतील तर त्याचा अर्थ शुक्रजंतू आणि बीज यांची गाठ पडली नाही. म्हणजे संशय तीन ठिकाणी: कांडी, हात, घड्याळ. तुमच्याकडे ११ पैकी ६ कोरी आणि १ खराब. हा गाईचा दोष नाही. तिने तिचं काम केलंय.

आता घड्याळ. साध्या गाईत माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३० तासांनी बीज सुटतं. एकच बीज. सुटल्यावर ते फळण्याजोगं राहतं जेमतेम ६ ते १२ तास. शुक्रजंतूंना गर्भाशयातून वर नलिकेपर्यंत पुरेशा संख्येने पोचायला आणि फलनासाठी तयार व्हायला ६ ते ८ तास लागतात. म्हणजे बीज यायच्या आधी शुक्रजंतू तिथे हजर हवेत. बीजाला वाट बघता येत नाही, शुक्रजंतूंना थोडी बघता येते. सकाळ-संध्याकाळचा नियम १९४० च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्कात ट्रिंबर्गर यांनी गाई तपासून बसवला तो याच हिशेबावर.

सुपरओव्हुलेशनमध्ये तीन गोष्टी बदलतात. एक, प्रोस्टाग्लँडिननंतर माज लवकर येतो. साध्या गाईत दोन ते चार दिवस कधीही. इथे बहुतेकदा ३६ ते ४८ तासांत. दोन, बीजं एका दमात सुटत नाहीत, पहिलं आणि शेवटचं यांत कित्येक तासांचं अंतर पडतं. तीन, एवढ्या पुटिका (बीजांडकोशातल्या बीजाच्या पिशव्या) एकदम वाढल्या की इस्ट्रोजेन नेहमीपेक्षा फार वर जातं आणि त्याने शुक्रजंतूंच्या वरच्या प्रवासात अडथळा येतो. म्हणून दोन वेळा रेतन. माजाच्या सुरुवातीपासून १२ तासांनी आणि २४ तासांनी. तिसऱ्या वेळेने कोरी बीजं कमी झालेली मी पाहिली नाहीत. ३६ तासांनी गेलेला शुक्रजंतू वर पोचेपर्यंत बहुतेक बीजं म्हातारी झालेली असतात.

पण वरचं एक वाक्य परत वाचा. माजाच्या सुरुवातीपासून. माज दिसल्यापासून नव्हे. माणदेशी, शुक्रवारी पहाटे साडेपाचला तुम्हाला माज *दिसला*. तो सुरू कधी झाला?

माणदेशी_गोठा

डॉक्टर, रात्री साडेआठला वैरण टाकून आलो तेव्हा तसं काही जाणवलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी मुद्दाम बघितलंही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं शुक्रवारी सकाळी लक्ष ठेवा.

पाणंद

गाय बांधलेली होती की मोकळी?

माणदेशी_गोठा

बांधलेली. दावणीला.

पाणंद

मग माजाची सुरुवात कळणार कशी? माजाची खूण एकच खरी: दुसरी गाय वर चढली तरी ही जागची हलत नाही. सोट, हंबरणं, निरण सुजणं, दूध चोरणं हे सगळं आधी किंवा नंतरही असतं. खुंट्याला बांधलेल्या गाईवर चढणार कोण?

आमच्याकडे दाता गाय इंजेक्शनच्या तिसऱ्या दिवसापासून मोकळ्या गोठ्यात असते, सोबत दोन-तीन गाई. ज्यांच्यात भ्रूण ठेवायचंय त्या गाईही त्याच वेळी माजावर आणाव्या लागतात, एक दिवस मागेपुढे चालतो. त्यामुळे त्याच एकमेकींवर चढतात आणि एकमेकींचा माज दाखवतात. शेपटीच्या बुंध्यावर रंगीत खडूचा जाड पट्टा ओढायचा. सकाळी पुसलेला दिसला की समजायचं रात्री कुणीतरी चढलंय.

खिलारप्रेमी

गीर म्हणजे देशी वंश. होल्स्टीनच्या पुस्तकातला माज हिला लावू नका. देशी गाईचा माज आखूड, बऱ्याचदा १०-१२ तासांत आटपतो, आणि लाजरा. आमच्या खिलारी तर रात्रीच माजावर येतात आणि उजाडेपर्यंत काहीच घडलं नाही अशा उभ्या. माझी आजी पहाटे उठून गोठ्यात नुसती उभी राहायची, बॅटरी नाही, कंदील नाही. वासावरून आणि गाईच्या श्वासावरून सांगायची, "हिला आज दाखवा." आजी गेली आणि आमच्या गाई उलटायचं (गाभण न राहता परत माजावर यायचं) प्रमाण वाढलं. कॅमेरे बसवले तेव्हा वडील म्हणाले, चार कॅमेऱ्यांनी मिळून एक आजी होत नाही.

दावणकरीण

खिलारप्रेमी, डोळ्यात पाणी आणलंत. आमच्या सासूबाई गाईचा कान धरून सांगायच्या. खरंच.

कांडीवाला

सगळं मान्य. पण आम्हाला फोन येतो तोच मुळी "आत्ता माजावर दिसतेय" असा. सुरुवात विचारली तर मालक म्हणतो, "आत्ताच." दहापैकी आठ जण "आत्ताच" म्हणतात. मग आम्ही त्या "आत्ताच"पासून १२ तास धरतो. दोष कांडीवाल्याच्या माथी. हे एकदा लिहायचंच होतं.

डॉ_गोधूली

कांडीवाले, तुमचं दुखणं खरंय. आणि तुम्ही तीन वेळा का करता तेही आता कळलं. सुरुवात माहीत नसते म्हणून तुम्ही जाळं मोठं टाकता. तो अंधारात घेतलेला बंदोबस्त आहे. सुरुवात माहीत असेल तर दोन वेळा पुरतात, आणि वळू चांगल्या फलनक्षमतेचा, कांडी निर्दोष असेल तर नेमक्या वेळी एकदा केलेल्या रेतनावरही चांगले निकाल मिळतात. सुरुवात चुकली असेल तर सहा कांड्याही तो तास परत आणत नाहीत.

विस्कॉन्सिनचा_वारकरी

मूळचा अकलूजचा, गेली बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये दूधगाईंच्या प्रजननाचं काम करतो. पहिलं भ्रूण प्रत्यारोपित वासरू १९५०-५१ च्या सुमारास याच राज्यात जन्मलं. तेव्हा शस्त्रक्रिया करून भ्रूण काढत. विनाशस्त्रक्रिया, आज करतात तसं नळीने गर्भाशय धुऊन काढणं १९७० च्या दशकात रुळलं.

इकडे माज बघण्यावरचा भार कमी करायला बरेच जण ठरावीक वेळेचं रेतन करतात. प्रोजेस्टेरॉनचं (माज रोखून धरणाऱ्या हार्मोनचं) साधन योनीत ठेवून एफएसएच देतात. प्रोस्टाग्लँडिननंतर ते साधन काढतात. काढल्यापासून २४ तासांनी जीएनआरएच किंवा एलएच. म्हणजे बीजं सुटायची घंटा आपणच वाजवतो. त्या इंजेक्शननंतर १२ आणि २४ तासांनी रेतन. माज दिसो न दिसो. गायीला माहीत नसलं तरी तंत्रज्ञाला माहीत असतं की बीजं कधी सुटणार. गीरसारख्या देशी वंशात या तासांमध्ये थोडा फेर करतात, त्यामुळे इकडचं कोष्टक जसंच्या तसं उचलू नका. तुमच्या डॉक्टरांनी देशी गाईंवर ते केलेलं असेल तरच.

एक चौकशी: एफएसएचचं एखादं इंजेक्शन चुकलं किंवा उशिरा झालं होतं का? गाईच्या रक्तात ते फार वेळ टिकत नाही, म्हणूनच दिवसातून दोनदा. एक जरी हुकलं तरी पुटिका मागेपुढे वाढतात आणि बीजं सुटण्याचा पसारा आणखी लांबतो.

माणदेशी_गोठा

नाही, इंजेक्शनं घड्याळाबरहुकूम झाली. मीच दिली, वहीत सही करून.

नवशिका_गोपाळ

मध्येच विचारतो, माफ करा. लिंगनिर्धारित कांडी वापरली तर? सगळ्या कालवडीच मिळतील ना? ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या कार्यक्रमात देशी बनावटीच्या लिंगनिर्धारित रेताची घोषणा झाली, तेव्हापासून डोक्यात आहे.

डॉ_गोधूली

गोपाळ, ९० टक्क्यांच्या आसपास कालवडी, हे साध्या रेतनात खरं. पण साध्या कांडीत आपल्याकडे साधारण २ कोटी शुक्रजंतू असतात, लिंगनिर्धारित कांडीत त्याच्या कितीतरी कमी, आणि वर्गीकरणाच्या यंत्रातून जाताना ते दमलेलेही असतात. आयुष्य आखूड. सुपरओव्हुलेशनच्या गाईत १०-१२ बीजांना तेवढे पुरे पडत नाहीत आणि कोऱ्या बीजांची संख्या वाढते. वापरणारे कांड्या जास्त घालतात आणि पहिली वेळ १२ तासांवरून थोडी पुढे ढकलतात, म्हणजे शुक्रजंतू बीज सुटण्याच्या जवळ पोचावेत. तरी ज्याला माजाची सुरुवात अजून पकडता येत नाही त्याने पहिल्याच फेरीत हे करू नये. चूक माफ करायची ताकद त्या कांडीत नसते.

सातबारा

मुळात सुपरओव्हुलेशन कशाला? आता ओपीयू-आयव्हीएफचा जमाना. सुईने थेट बीजांडकोशातून बीजं काढायची, प्रयोगशाळेत फळवायची. रेतनाची वेळ वगैरे भानगडच नाही. दोन आठवड्यांनी परत काढता येतात. पहिल्या तीन महिन्यांच्या गाभण गाईतूनही. ब्राझीलने गीरवर हेच करून दाखवलं, आणि त्यांच्या गीरचं मूळ आपल्या गुजरातेत.

पाणंद

सातबारा, बरोबर आहे. गीरसारख्या देशी गाईंत बीजंही भरपूर निघतात. पण त्याला प्रयोगशाळा लागते, ठरलेला तापमानाचा इन्क्युबेटर लागतो, बीज काढल्यापासून तिथे पोचेपर्यंतची धावपळ लागते. एका गोठ्यावर एका गाईचं काम करायचं तर फ्लशिंग अजून आवाक्यातलं आहे. डॉक्टर, सूक्ष्मदर्शक, गाळणी, सलाइनसारखं द्रावण आणि सावली. आमचं फ्लशिंग तर चिंचेखाली झालंय.

शिवारातली_वाट

माझा मुद्दा कांडीबद्दल. मी उरुळीकांचनला रेतनाचं प्रशिक्षण घेतलं, जिथे मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही पशुधनाचं काम करणारी संस्था उभी केली. आम्हाला पहिले तीन दिवस गाय दाखवलीच नाही. फक्त कांडी आणि कंटेनर. कांडी नायट्रोजनमधून वर काढताना डबी कंटेनरच्या मानेच्या खालीच ठेवायची. शोधत बसायचं नाही. आधी कुठली डबी, कुठला कप्पा हे वहीत बघायचं, मग हात घालायचा. दरवेळी वर-खाली केलेल्या कांडीतले शुक्रजंतू थोडे थोडे मरतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट. थर्मामीटरने बघून. "कोमट" म्हणजे कुणाचं कोमट? मग कांडी कोरड्या कापसाने पुसायची, पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्रजंतू फुगून मरतात. हिवाळ्यात गन (रेत आत सोडायची नळी) आधी हातावर चोळून गरम करायची. वितळल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत गाईत.

माणदेशी, तुमची कांडी कशी वितळवली ते आठवतंय का?

माणदेशी_गोठा

आठवतंय. पहिली थर्मासमधल्या पाण्यात. थर्मामीटर नव्हता, बोट घालून पाहिलं. दुसरी पहाटे, थंडीत. गन गाडीच्या डिकीतून काढली ती तशीच लावली.

शिवारातली_वाट

मग घड्याळाइतकाच इथेही संशय घ्या. त्याच वळूची त्याच तारखेची एखादी कांडी उरली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल बघून घ्या. वितळल्यावर निदान निम्मे तरी पुढे धावताना दिसले पाहिजेत.

डॉ_गोधूली

उत्तम मुद्दा. त्याला एक जोडते, हाताबद्दल. सुपरच्या गाईत बीजांडकोश मोसंबीएवढे फुगलेले असतात, द्राक्षाच्या घडासारखे पुटिकांनी भरलेले. रेतन करताना बरेच जण उत्सुकतेने हात पुढे नेऊन ते चाचपतात, "बघू किती लागलेत." कृपा करून नको. पुटिका अवेळी फुटतात, नलिकेच्या झालरीला धक्का लागतो आणि बीज झेललंच जात नाही. गर्भाशयमुख धरा, गन त्यातून पार करा, गर्भाशयाच्या मुख्य भागात सावकाश सोडा, हात बाहेर. सोडताना मनात पाच मोजा. पिचकारी मारू नका.

कांडीवाला

हे चाचपण्याचं माझ्याकडून झालंय. एकदा नव्हे, बऱ्याचदा. मालक मागे उभा राहून विचारतो, "किती हाताला लागतायत?" आणि आपण सांगायला जातो. इथून पुढे नाही.

दावणकरीण

फ्लशिंग झाल्यावर गाईला प्रोस्टाग्लँडिन देतात ना? आमच्याकडे एकीला द्यायचं राहिलं आणि आत उरलेलं एक भ्रूण रुजलं. गाय गाभण! आम्ही तिला पुन्हा इंजेक्शनं सुरू करायच्या बेतात होतो. तपासलं म्हणून वाचलो. ते वासरू आता दीड वर्षाचं आहे, घरात सगळ्यात लाडकं.

डॉ_गोधूली

हो, द्यावंच लागतं. पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी बनणारा, माज रोखणारा गोळा) एक नाही, दहा-बारा असतात, ते गेल्याशिवाय गाय वेळेवर माजावर येत नाही. आणि द्यायचं राहिलं तर दोन-तीन भ्रूणं रुजण्याचा धोकाही असतो. तुमची एकावर निभावली.

माणदेशी_गोठा

मंडळी, एक सापडलं.

आमच्या गोठ्याच्या दाराशी चोरीसाठी कॅमेरा बसवलाय. त्याचा कोपरा चंद्राच्या दावणीवर येतो हे माझ्या लक्षातच नव्हतं. पाणंद यांचा प्रश्न वाचून काल रात्री मुलाने त्या गुरुवारचं चित्रण काढलं. आम्ही तिघं, मी, मुलगा आणि आई, मोबाइलवर बघत बसलो.

गुरुवार, संध्याकाळचे ६ वाजून ५० मिनिटं. मी त्याच वेळी बाहेर डेअरीचे कॅन गाडीत चढवत होतो, माझी पाठ चित्रात दिसते. शेजारची तपकिरी कालवड दावं तुटून सुटलेली. ती चंद्राच्या मागून येते, हुंगते, वर चढते. चंद्रा हलत नाही. पाय रोवून उभी. कालवड उतरते, परत चढते. ७ वाजून ५ मिनिटांनी तिसऱ्यांदा. मग मी आत येतो, कालवडीला ओरडतो, बांधतो आणि निघून जातो.

आई म्हणाली, "अरे, तिने तुला सांगितलं होतं की."

म्हणजे बुधवारी सकाळी ७ च्या प्रोस्टाग्लँडिननंतर जवळजवळ ३६ तासांनी माज सुरू झाला होता. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचचं पहिलं रेतन सुरुवातीपासून साडेबावीस तासांनी झालं, दुसरं साडेचौतीस तासांनी. मी १२ आणि २४ समजत होतो.

डॉ_गोधूली

हेच. देशी गाय, आखूड माज. साडेबाविसाव्या तासाला सोडलेले शुक्रजंतू पुरेशा संख्येने वर पोचायला तिसावा तास उजाडला असणार. तोवर आधी सुटलेली बीजं उतरणीला लागली. जी चार फळली ती बहुधा मागून सुटलेली. तुमचं दुसरं रेतन जवळजवळ रिकाम्या घरात गेलं. दोनदा रेतन म्हणजे ते दोन्ही खिडकीच्या आत पडलं पाहिजे.

शिवारातली_वाट

तरी माझी थर्मामीटरची तक्रार कायम आहे.

डॉ_गोधूली

असू द्या, ती सुटायला नकोच. एका फ्लशिंगवरून सगळं एकाच कारणावर टाकता येत नाही. तीच गाय, तोच हात, तीच मात्रा, तरी एका खेपेला १५ आणि दुसऱ्या खेपेला ३ बीजं मिळालेली मी पाहिलीत.

विस्कॉन्सिनचा_वारकरी

चित्रणातलं ते कालवडीला ओरडणं वाचून थांबलो. इकडे गाईंच्या गळ्यात हालचाल मोजणारे पट्टे असतात, तरी शंका आली की माणूस जाऊन उभा राहतोच. एक सुचवतो: प्रोस्टाग्लँडिनपासून २८ तास झाले की पाळी लावा. दर चार तासांनी अर्धा तास, नुसतं बघायचं. त्या वेळात वैरण टाकायची नाही, शेण काढायचं नाही. गाई खायच्या नादात असल्या की माज झाकतात.

खिलारप्रेमी

आणि मोबाइल खिशात.

नवशिका_गोपाळ

धागा जपून ठेवला. माणदेशी, पुढच्या वेळी काय झालं ते जरूर लिहा.

माणदेशी_गोठा *(दोन महिन्यांनी)*

लिहितो म्हटलं होतं, म्हणून आलो.

चंद्राला दुसऱ्यांदा केलं, भर पौषात. मात्रा तीच. बुधवारी सकाळी ७ ला प्रोस्टाग्लँडिन आणि त्याच दिवसापासून तिला कडुनिंबाखालच्या मोकळ्या कुंपणात सोडलं, सोबत भ्रूण ठेवायच्या तीन गाई. शेपटीवर निळा खडू. गुरुवारी सकाळी ११ पासून पाळ्या: मी, मुलगा, भाऊ. संध्याकाळी ६ ते १० ची पाळी आईने मागून घेतली. खुर्ची टाकून शाल पांघरून बसली होती.

८ वाजून १० मिनिटांनी हाक आली. "उभी राहिली!" मी धावत गेलो तर तीन गाईंपैकी एक चंद्रावर, आणि चंद्रा दगडासारखी. आईने वेळ खडूने खांबावर लिहून ठेवली होती.

शुक्रवारी सकाळी ८ ला पहिलं रेतन, रात्री ८ ला दुसरं. एकेकच कांडी. थर्मामीटर विकत आणला, गन शर्टाच्या आत धरून गरम केली. रेतन करणाऱ्यांना हात जोडून सांगितलं, बीजांडकोश चाचपू नका. त्यांनीही मन मोडलं नाही.

फ्लशिंगमध्ये ९ मिळाले. ७ भ्रूणं लावण्याजोगी, १ खराब, १ कोरं.

या खेपेला कांडीची तारीखही वेगळी होती आणि थंडीही चांगली पडली होती, त्यामुळे सगळं श्रेय वेळेला देत नाही. शिवारातली_वाट, थर्मामीटरलाही द्यायचं आहे. तिघींत तीन ताजी भ्रूणं ठेवली, चार गोठवली.

कांडीवाला

अभिनंदन! मीही आता फोनवर "माज कधी दिसला" विचारत नाही. "शेवटची कधी बघितली होती, तेव्हा माज नव्हता ना?" असं विचारतो. दोन वेळा मिळाल्या की मधला काळ हाताशी येतो. उत्तर द्यायला मालकाला वेळ लागतो, पण खरं उत्तर येतं.

डॉ_गोधूली

कांडीवाले, हा प्रश्न मी उचलतेय.

माणदेशी, तिघींची तपासणी कधी?

माणदेशी_गोठा

येत्या २२ तारखेला. आईने खांबावरचं ते "८.१०" पुसू दिलेलं नाही.